टूलखाली काय चालतं

डिसेंबर 1991 मध्ये इंग्लंडात केंब्रिजजवळच्या ‘द वेल्डिंग इन्स्टिट्यूट’मधून वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातू जोडण्याच्या एका नव्या रीतीसाठी पेटंटचा अर्ज केला. त्या रीतीत ज्योत नव्हती, आर्क नव्हता, फिलर वायर नव्हती आणि मुख्य म्हणजे धातू वितळतच नव्हता. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन प्लेटा कडेला कड भिडवायच्या, खाली स्टीलची बॅकिंग प्लेट ठेवायची, क्लॅम्पांनी आवळायचं आणि गरगर फिरणारं टूल सांध्यात दाबून सांध्यावरून पुढे न्यायचं. टूलचे भाग दोनच. रुंद शोल्डर प्लेटच्या पृष्ठभागावर घासतो आणि त्याच्या मधोमध असलेली छोटी पिन धातूच्या आत शिरते. घर्षणानं आणि धातूच्या मळण्यानं उष्णता निर्माण होते, धातू मऊ पडतो, पिनेला वळसा घालून मागे जातो आणि शोल्डरच्या दाबाखाली पुन्हा एकसंध होतो. हेच फ्रिक्शन स्टर वेल्डिंग. पुढे सगळीकडे नुसतं एफएसडब्ल्यू.

2000 आणि 7000 मालिकेतले बरेचसे अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू वितळवून जोडायला गेलं की थिजताना तडकतात, म्हणून ते बहुतेकदा रिव्हेटनं जोडायचे असा रिवाज होता. एफएसडब्ल्यूत काही थिजतच नाही, त्यामुळे ती अडचणच उरली नाही. साहजिकच अवकाशवाले तिच्याकडे धावले: बोइंगच्या डेल्टा रॉकेटांच्या टाक्या, मग नासाच्या स्पेस शटलची बाहेरची टाकी. जपानात हिताचीनं रेल्वेचे डबे असे जोडले. 2012 साली आलेल्या सडपातळ आयमॅकच्या कडाही याच पद्धतीनं जोडलेल्या आहेत. उपयोगांची यादी कुठल्याही पुस्तकात मिळेल. आपला विषय तिच्या मागे दडलेला आहे.

तो असा, की टूलखाली नेमकं काय चालतं हे कुणालाही डोळ्यांनी दिसत नाही. धातू अपारदर्शक, वर शोल्डरचं झाकण, खाली स्टील. ज्या थरात सगळा खेळ होतो तो काही ठिकाणी मिलिमीटरभरही जाड नसतो. तिथे थर्मोकपल ठेवलं तर पिन आली की ते धातूबरोबर ढवळलं जातं. आर्क वेल्डिंगमध्ये निदान वितळलेलं तळं कॅमेऱ्यात पकडता येतं, इथे तीही सोय नाही. म्हणून या क्षेत्रात संगणकावरचं सिम्युलेशन फार लवकर आलं आणि फार लवकर मोठं झालं. आज हाताशी असलेल्या कुठल्याही व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये आठवड्याभरात लाल-पिवळ्या-निळ्या रंगांचं देखणं चित्र काढता येतं. ते चित्र खरं आहे की नुसतंच देखणं, हे ठरवायला मात्र त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्याला मला एकच गोष्ट सांगायची आहे. तापमान जुळलं म्हणजे धातूचा प्रवाह जुळला, असं समजू नका. या विषयावरच्या असंख्य शोधनिबंधांत आणि त्याहून जास्त प्रबंधांत शेवटी एक आलेख असतो: ठिपके प्रयोगाचे, रेघ सिम्युलेशनची, आणि खाली ‘उत्तम मेळ’ असा शेरा. मेळ असतो, त्याबद्दल तक्रार नाही. तो मेळ कशाची साक्ष देतो, एवढंच विचारायचं असतं. ते कळण्यासाठी थोडे आकडे हाताळावे लागतात.

समजा 6 मिलिमीटर जाडीची 6061 अ‍ॅल्युमिनियमची प्लेट आहे. शोल्डर सपाट, त्रिज्या 9 मिलिमीटर. पिनेची त्रिज्या 3 आणि लांबी 5 मिलिमीटर. स्पिंडल 600 आरपीएमवर, टूल मिनिटाला 120 मिलिमीटर पुढे जातंय. म्हणजे टूल दर फेऱ्याला अवघं 0.2 मिलिमीटर सरकतं. शोल्डरच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 565 मिलिमीटर, आणि पुढे जाण्याचा वेग सेकंदाला 2. टूल आणि धातू यांच्या सीमेवर कातर-ताण सगळीकडे सारखा, समजा 15 मेगापास्कल धरला, तर प्रत्येक छोट्या तुकड्यावरचा ताण, त्रिज्या आणि कोनीय वेग यांचा गुणाकार करून बेरीज करायची. डेन्मार्कमधल्या श्मिट, हॅटल आणि वर्ट यांनी 2004 साली हे सूत्र नीटस मांडलं आणि तेव्हापासून ते या क्षेत्राचं पहिलं पान झालं आहे. आपल्या टूलसाठी उत्तर येतं सुमारे 1.7 किलोवॉट. त्यातले 81 टक्के शोल्डरखाली, 16 टक्के पिनेच्या बाजूंवर आणि उरलेले 3 टक्के पिनेच्या टोकाशी. पिन धातू ढवळते, पण भट्टी शोल्डरची असते. कारण त्रिज्येबरोबर वेगही वाढतो आणि क्षेत्रफळही वाढतं.

आता हे 1.7 किलोवॉट कुठे जातात? अ‍ॅल्युमिनियम उष्णतेचा उत्तम वाहक आहे, त्यामुळे ते प्लेटभर पसरतात आणि खाली बॅकिंग प्लेटमध्ये मुरतात. सरकत्या उष्णता-स्रोताभोवतीचं तापमान कसं असतं याचं गणित डॅनियल रोझेंथाल यांनी 1930 आणि 40 च्या दशकांतच करून ठेवलं होतं, तेही कागद-पेन्सिलीवर, आर्क वेल्डिंगसाठी. एफएसडब्ल्यूची सुरुवातीची औष्णिक मॉडेलं त्याच वाटेनं गेली. चाओ आणि ची यांनी 1998 मध्ये 6061 च्या वेल्डचं त्रिमितीय औष्णिक मॉडेल मांडलं. त्यात धातू वाहतच नाही, टूल म्हणजे एक सरकता गरम ठसा. अशा मॉडेलांना नाक मुरडायचं कारण नाही. वेल्डनंतर प्लेट किती वाकेल, अवशिष्ट ताण किती राहील, उष्णतेनं बाधित पट्ट्यात कडकपणा किती घटेल, हे प्रश्न असतील तर धातूच्या प्रवाहाच्या मागे लागणं म्हणजे वेळ आणि वीज वाया घालवणं.

धातूच्या वाहण्याकडे वळलं की विषय वेगळा होतो. 450 अंश सेल्सिअसला 6061 घनच असतो, त्याचं वितळणं 582 अंशांच्या आसपास सुरू होतं. तरीही ताण दिला की तो वाहतो, आणि त्या वाहण्याला किती ताण लागेल हे तापमानावर आणि विकृतीच्या वेगावर ठरतं. दोन्ही गोष्टी झेनर आणि हॉलोमन यांच्या एकाच राशीत बांधता येतात: तापमान वाढवणं आणि विकृती सावकाश करणं यांचा परिणाम एकाच दिशेनं होतो. तिथून ताण काढला, त्याला विकृतीच्या वेगाच्या तिपटीनं भागलं, की एक परिणामी श्यानता मिळते. आपल्या उदाहरणात ती सुमारे एक लाख पास्कल-सेकंद. पाण्याची श्यानता एका पास्कल-सेकंदाचा हजारावा भाग असते, म्हणजे हा द्रव पाण्याच्या दहा कोटीपट घट्ट.

हा आकडा हातात आल्यावर सिम्युलेशन सुरू करण्याआधी दोन भागाकार करायचे. पहिला रेनॉल्ड्स अंक: घनता 2700, वेग सेकंदाला 0.1 मीटर, लांबी 0.01 मीटर, भागिले एक लाख. उत्तर 0.000027. म्हणजे जडत्वाला इथे काही किंमतच नाही. ताक घुसळताना रवी थांबवली तरी ताक काही वेळ फिरत राहतं; पुरण आटवताना उलथणं थांबलं की पुरण जागच्या जागी थांबतं. टूलखालचा अ‍ॅल्युमिनियम पुरणाच्या जातीचा आहे. दुसरा भागाकार पेक्ले अंकाचा, उष्णतेसाठी: तोच वेग, तीच लांबी, भागिले अ‍ॅल्युमिनियमची उष्णता-विसरणशीलता, जी सेकंदाला 0.00007 चौरस मीटरच्या आसपास आहे. उत्तर चौदाच्या घरात. म्हणजे टूलच्या अगदी जवळ धातू स्वतःबरोबर उष्णता वाहून नेतो आणि ते दुर्लक्षून चालत नाही. लांबून पाहिलं, नुसता पुढे जाण्याचा वेग धरला, तर हाच अंक 0.3 वर येतो आणि सगळं राज्य वहनाचं होतं. एकाच प्लेटमध्ये, दोन-तीन सेंटिमीटरांच्या अंतरात, नियम बदलतात. हे दोन भागाकार न करता मेश, म्हणजे सिम्युलेशनच्या गणितासाठीची जाळी, बनवायला बसणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

इथेच एका लोकप्रिय समजुतीचा समाचार घेतो. टूलच्या ज्या बाजूला फिरण्याची दिशा आणि पुढे जाण्याची दिशा एकच असते ती अ‍ॅडव्हान्सिंग बाजू, दुसरी रिट्रीटिंग. पहिल्या बाजूला वेगांची बेरीज होते, दुसऱ्या बाजूला वजाबाकी, म्हणून पहिली बाजू जास्त तापते, असं कित्येक ठिकाणी छापलेलं आढळतं. आकडे घालून पाहा: 565 अधिक 2 आणि 565 उणे 2. फरक एक टक्काही नाही. दोन बाजूंमधला फरक खरा आहे, पण तो प्रामुख्यानं प्रवाहाच्या वाटेमुळे येतो. समोरून आलेला बराचसा धातू रिट्रीटिंग बाजूनं वळसा घालून मागे जातो आणि अ‍ॅडव्हान्सिंग बाजूला पोहोचून थांबतो. तिथे मळलेला आणि न मळलेला धातू यांची सीमा चाकूनं कापल्यासारखी दिसते, आणि बोगद्यासारखी पोकळी राहायची असेल तर तीही बहुधा तिथेच, तळाजवळ राहते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. टूलच्या पृष्ठभागाला धातू चिकटून फिरतो की टूल नुसतं त्याच्यावरून घसरतं? चिकटत असेल तर सीमेवरचा ताण धातूच्या कातर-सामर्थ्याइतका, म्हणजे आपले 15 मेगापास्कल. घसरत असेल तर तो घर्षणांक गुणिले दाब. टूलवरचं खालचं बळ 10 किलोन्यूटन धरा; ते 9 मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर पसरलं की दाब 39 मेगापास्कल. घर्षणांक 0.4 घेतला तर ताण 15.7 मेगापास्कल. म्हणजे दोन्ही गृहीतकांत उष्णता जवळपास तितकीच, सांध्यापासून 12 मिलिमीटरवर बसवलेल्या थर्मोकपलचं वाचनही जवळपास तेच. पण पहिल्या चित्रात शोल्डरखालचा धातू सेकंदाला अर्धा मीटर वेगानं फिरतोय आणि दुसऱ्यात तो जवळजवळ स्तब्ध आहे. एक वेल्ड आहे, दुसरं नुसतं गरम केलेलं अ‍ॅल्युमिनियम. तापमानाच्या आलेखाला या दोन्हींत फरक दिसत नाही, कारण वहन सगळे तपशील पुसून टाकतं आणि दूरच्या बिंदूला फक्त एकूण किती वॉट आले एवढंच कळतं. प्रत्यक्षात स्थिती बहुधा या दोन टोकांच्या मध्ये असते, जागोजागी वेगळी असते, आणि तीच या क्षेत्रातली सगळ्यात कमी मोजलेली गोष्ट आहे.

मग प्रवाहाची साक्ष कुणाकडून घ्यायची? कॉलिगन यांनी 1999 मध्ये वेल्डच्या वाटेवर पोलादाचे बारीक छर्रे पेरले, चालू वेल्ड मध्येच अचानक थांबवलं आणि छर्रे कुठे पोहोचले ते पाहिलं. वर सांगितलेलं जडत्वाचं गणित इथे उपयोगी पडतं: धातू टूलबरोबरच थांबतो, म्हणून थांबलेलं चित्र हे चालू चित्रच असतं. दक्षिण कॅरोलिना विद्यापीठात सायडेल आणि रेनॉल्ड्स यांनी (रेनॉल्ड्स अंकाशी फक्त आडनावाचं साम्य) प्लेटमध्ये वेगळ्या मिश्रधातूच्या पट्ट्या बसवल्या आणि वेल्डनंतर थर तासत तासत त्या पट्ट्यांचा त्रिमितीय नकाशा काढला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कुमार आणि सतीश कैलास यांनी शोल्डरचा दाब वेल्डच्या लांबीभर हळूहळू वाढवत नेला आणि पिनेनं हलवलेला प्रवाह व शोल्डरनं हलवलेला प्रवाह हे दोन वेगळे असतात, ते एकमेकांत मिसळले तरच पोकळी भरते, हे 2008 साली दाखवलं. तो प्रयोग मला या विषयातला सगळ्यात देखणा वाटतो. त्याला महागडं यंत्र नव्हे, एक चांगली कल्पना लागली.

प्रवाहाची मॉडेलं दोन घराण्यांची. पहिलं घराणं द्रवगतिकीचं. मेश जागेवर स्थिर, धातू त्यातून वाहतो. केंब्रिज विद्यापीठातले कोलग्रोव्ह आणि शर्क्लिफ, पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले नंदन, रॉय आणि देबरॉय यांनी या वाटेवर मोठं काम केलं. केंब्रिजच्या मॉडेलांच्या मदतीनं तर ‘ट्रायव्हेक्स’ नावाची, तीन फुगीर बाजूंची पिन आकाराला आली, जिला पुढे ढकलायला कमी बळ लागतं. सिम्युलेशननं नुसतं स्पष्टीकरण न देता वस्तू घडवल्याचं हे चांगलं उदाहरण. पण या घराण्याची एक जन्मजात खोड आहे. अशा बहुतेक मॉडेलांत धातू असंपीड्य आणि सलग धरलेला असतो. समीकरणच सांगतं की जागा रिकामी राहू शकत नाही. त्यामुळे तुम्ही टूल कितीही वाईट घ्या, वेग कितीही चुकीचा ठेवा, पडद्यावर बोगदा कधीच दिसणार नाही. ‘सिम्युलेशननुसार वेल्ड निर्दोष’ असं वाक्य अशा मॉडेलाच्या जोरावर लिहू नये.

दुसरं घराणं घन-यामिकीचं. इथे मेश धातूबरोबर ताणला जातो आणि पिनेजवळ इतका पिळवटतो की गणितच मोडून पडतं. म्हणून मेश अधूनमधून सावरणारी, किंवा धातूला स्थिर मेशमधून भरू-रिकामा होऊ देणारी, किंवा मेश सोडून कणांवर चालणारी तंत्रं आली. यांत पोकळी दिसू शकते, हा मोठा फायदा. किंमत वेळेची. एक्सप्लिसिट पद्धतीत काळाचं एक पाऊल ध्वनीला मेशचा एक घटक ओलांडायला लागणाऱ्या वेळेपेक्षा मोठं घेता येत नाही. घटक 0.2 मिलिमीटरचा, ध्वनीचा वेग सेकंदाला 5000 मीटर, म्हणजे पाऊल 0.00000004 सेकंदाचं. दहा सेकंदांच्या वेल्डला 25 कोटी पावलं. यावर सर्रास केली जाणारी युक्ती म्हणजे धातूची घनता खोटी वाढवणं: दहा लाखपट वाढवली की पाऊल हजारपट मोठं होतं. जडत्व नगण्यच आहे तर घनता वाढवली म्हणून काय बिघडलं, असा त्यामागचा युक्तिवाद. हजारपटीपर्यंत तो टिकतो. दहा लाखपटीला आपला 0.000027 वाला अंक 27 वर जातो आणि पुरणाचं ताक होतं. पडद्यावर तेही तितकंच सुंदर फिरतं.

तळाकडचा भाग कमी ग्लॅमरचा, म्हणून दुर्लक्षित. प्लेट आणि बॅकिंग प्लेट यांच्यातून उष्णता किती जाते हे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, क्लॅम्पची आवळणी आणि टूलखालचा दाब यांवर ठरतं. टूलच्या बरोबर खाली संपर्क घट्ट, बाजूला हवेची फट. हा आकडा सहसा कुणी मोजत नाही. आलेख जुळेपर्यंत तो हलवला जातो. घर्षणांक हलवला जातो, घसरणीचं प्रमाण हलवलं जातं, आणि तीन मुक्त आकडे व चार थर्मोकपलं असली की मेळ न बसणंच कठीण. त्यात थर्मोकपलचं भोक पाडताना ड्रिल अर्धा मिलिमीटर सरकलेलं असतं. शोल्डरच्या कडेजवळ मिलिमीटरला दहा-वीस अंशांचा उतार असतो. म्हणजे पाच-दहा अंशांची ‘अचूकता’ ही ड्रिलवाल्याच्या हाताची देणगी.

शिवाय ही प्रक्रिया स्वतःला सावरून घेणारी आहे. धातू जास्त तापला की मऊ होतो, मऊ झाला की कमी ताण देतो, कमी ताणानं कमी उष्णता निर्माण होते. आर्बेगास्ट आणि हार्टली यांच्या अनुभवजन्य सूत्रात कमाल तापमान हे फेऱ्यांच्या वर्गाला पुढच्या वेगानं भागून येणाऱ्या राशीच्या 0.04 ते 0.06 एवढ्या इवल्या घातावर चालतं. फेरे दुप्पट केले तरी कमाल तापमान जेमतेम सात टक्क्यांनी वाढतं. मॉडेल थोडंफार चुकीचं असलं तरी तापमान बरोबरच्या आसपास येतं ते यामुळेही. पवईच्या आयआयटीतले अमिताव डे यांनी अरोरा आणि देबरॉय यांच्यासह याच गुणाचा चतुर उपयोग केला: शोल्डर रुंद करत गेलं की चिकटून फिरवण्याचा टॉर्क आधी वाढतो आणि मग धातू फार मऊ झाल्यानं घटू लागतो, मधला माथा हाच शोल्डरचा योग्य व्यास. इथे कसोटीला लावलेली राशी टॉर्क आहे, तापमान नव्हे, हे ध्यानात घ्या.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून एफएसडब्ल्यूचे प्रकल्प बहुतेक वेळा व्हर्टिकल मिलिंग मशिनवर होतात. एच13 स्टीलचं टूल बाहेरून टर्निंग आणि हीट ट्रीटमेंट करून आणायचं, फिक्स्चर कॉलेजच्या वर्कशॉपात बनवायचं. तिथे टॉर्क मोजायला डायनामोमीटर नसतो, ही नेहमीची सबब. स्पिंडल मोटरच्या व्हीएफडीवर, म्हणजे वेग-नियंत्रकावर, पॉवरचा आकडा दिसतो. टूल हवेत फिरताना तो किती आणि प्लेटमध्ये असताना किती, यांची वजाबाकी करा, 600 आरपीएमला कोनीय वेग 62.8, त्यानं भागा. आपल्या उदाहरणात उत्तर 27 न्यूटन-मीटरच्या आसपास यायला हवं. मोजमाप ओबडधोबड आहे, गिअर आणि बेअरिंगमधला तोटा त्यात मिसळलेला आहे. तरी चार थर्मोकपलं जे सांगत नाहीत ते हा एक आकडा सांगतो. मग वेल्ड मध्येच थांबवा, टूल उलटं फिरवून बाहेर काढा, उरलेल्या भोकाभोवतीचा तुकडा कापा, पॉलिश करा, केलर द्रावणानं एचिंग करा आणि मळलेल्या पट्ट्याची रुंदी शोल्डरखाली किती, पिनेच्या मध्यावर किती, तळाशी किती, ते कॅलिपरनं किंवा मायक्रोस्कोपखाली मोजून वहीत लिहा. मॉडेलमध्ये त्याच तीन उंचींवर श्यानता किती आहे ते काढा; नंदन आणि सहकाऱ्यांच्या गणितात ती 50 लाख पास्कल-सेकंदांच्या वर गेली की धातू हलायचा थांबतो. ती सीमा आणि तुमच्या वहीतली रुंदी शेजारी ठेवून पाहा. तिन्ही ठिकाणी जुळली नाही तर घर्षणांकाला हात लावण्याआधी सीमेवरची घसरण कुठे कशी धरली आहे ते तपासा, आणि तीन उंचींना तीन वेगळी गृहीतकं लागत असतील तर प्रबंधात तसंच लिहा.